काचीगुड्याचे जपानी भाऊजी

जपानी माणसं कुठे राहतात असं मला कोणी विचारलं, तर मी सांगेन, बहुतेक सगळी जपानात आणि एक हैदराबादेत काचीगुड्याला, स्टेशनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. हा काचीगुड्याचा जपानी म्हणजे तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ, माझे भाऊजी. मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. परवा फोनवर तुमची आई म्हणाली की तुमच्या शाळेत जपानवर काहीतरी चाललं आहे, आणि मला दिवसभर भाऊजीच आठवत राहिले. म्हणून हे लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. अडेल तिथे आईला वाचायला लावा, पण तिला मधले भाग गाळू देऊ नका. तिला ती सवय आहे.

पहिली गोष्ट ही की भाऊजी जपानला कधीच गेले नाहीत. पूर्वेकडे त्यांची मजल विशाखापट्टणमच्या समुद्रापर्यंत. तिथे वाळूत उभं राहून, हात डोळ्यांवर धरून ते म्हणाले होते, "वहिनी, असं सरळ गेलं की जपान." मधे बरंच काही लागतं, असं मी म्हटलं, पण ते त्यांना फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत ते पुलांचे नकाशे काढत. दर रविवारी आबिद्सला फुटपाथवर जुनी पुस्तकं विकायला बसतात, तिथे जात आणि पुलांवरची पुस्तकं शोधत. एका रविवारी पुलाऐवजी त्यांना जपानच्या जुन्या नाटकांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे कळायला मार्ग नव्हता. शेवटची पानंही गळाली होती. उरलेल्या शेवटच्या पानावरचं वाक्य "त्यानंतर नटांनी" इथे तुटत होतं. त्यानंतर नटांनी काय केलं ही काळजी भाऊजींना पुढे जन्मभर लागून राहिली.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालेलं, म्हणून अडलेले शब्द विचारायला ते माझ्याकडे येत. शब्दाचा अर्थ घेऊन जात आणि त्याच्या बदल्यात इतिहास देऊन जात. आमच्या जेवणाच्या टेबलावर मी जपानी रंगभूमी शिकले ती अशी. आमटीचा डाव म्हणजे नोह. हे सगळ्यांत जुनं, सहाशे वर्षांपूर्वीचं. एका बापलेकांनी त्याला रूप दिलं आणि मोठ्या सरदारांनी आश्रय दिला. लाकडी मुखवटे, मागे ढोल आणि बासरी, आणि गती इतकी संथ की नटाने एक पाऊल टाकलं म्हणजे तो एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचला असं समजायचं. दोन नोहांच्या मधे लोकांनी पेंगू नये म्हणून क्योगेन नावाचं छोटं प्रहसन, म्हणजे लिंबाची फोड. तिसरं बुनराकू, बाहुल्यांचं. एका बाहुलीला तीन माणसं. एक डोकं आणि उजवा हात हलवतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय, आणि नुसते पाय हलवायला शिकण्यात माणसाची उमेदीची वर्षं जातात. आणि चौथं काबुकी, भडक रंगांचं, गर्दीचं, सामान्य लोकांचं. ते टेबलावर पापड म्हणून असे, कारण त्याचा आवाज होतो.

"काबुकी सुरू केलं एका बाईने," भाऊजी सांगत. "देवळात नाचणारी होती. नदीच्या कोरड्या पात्रात तिने पहिला खेळ केला. चारशे वर्षं झाली. मग सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली, आणि सगळी कामं पुरुष करू लागले."

"म्हणजे बाईने मांडलं आणि पुरुषांनी उचललं," पापड मोडत कुमुद म्हणायची. कुमुद ही त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. "त्यात जपानी ते काय? आमच्याकडेही हेच झालं की हो."

भाऊजींचं वाचन पुस्तकात राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण ते जे वाचत ते करून बघत. नोहमध्ये पाऊल उचलत नाहीत, टाच जमिनीला चिकटवून सरकवतात, हे वाचल्यावर ते पायमोजे घालून घरच्या व्हरांड्यात सरकू लागले. तिथवर ठीक होतं. मग ते रस्त्यावर सरकू लागले. काचीगुड्याच्या चौकात, भर रहदारीत, मान ताठ, हात मांड्यांवर, नजर सहाशे वर्षांपलीकडे, असे ते रस्ता ओलांडत. दोन्ही बाजूंनी बस आणि स्कूटर खोळंबत. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "चचा, पाँव में मेहंदी लगी क्या?" भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुढच्या फुटपाथवर पोचल्यावर मला म्हणाले, "वहिनी, मी आत्ता डोंगर उतरून आलो."

काबुकीत महत्त्वाचा क्षण आला की नट एकदम थिजतो, मान झटक्याने फिरवतो आणि एक डोळा तिरका करून बघत राहतो. बाजूला एक माणूस लाकडाचे ठोकळे फळीवर आपटतो. भाऊजींना ही पद्धत फार पटली होती. आपल्याकडे आयुष्यात महत्त्वाचे क्षण येतात आणि कोणाला कळतही नाहीत, असं त्यांचं म्हणणं. अंबरपेठच्या मंडईत टोमॅटोचा भाव ऐकून ते असेच थिजले. मान फिरलेली, डोळा तिरका. भाजीवाली घाबरली. "अय्यो, एमैंदि सारू?" काय झालं, असं तेलुगूत विचारत तिने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं आणि भाव उतरवला. कुमुदने घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वेळी कांद्यालाही थिजा म्हटलंय."

आणि काबुकीचे जाणते प्रेक्षक ऐन रंगात आलेल्या नटाला त्याच्या घराण्याच्या नावाने हाक मारतात. ती कधी मारायची यात सगळं कौशल्य. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत घराणी नव्हती, म्हणून भाऊजी मोहल्ल्याच्या नावाने हाक मारत. अंबरपेठच्या एका सज्जनांनी करुण प्रसंगात आईच्या तसबिरीपुढे गुडघे टेकले, आणि मागून भाऊजी गरजले, "अंबरपेऽऽठ!" सभागृहात निम्म्या लोकांना बसचा कंडक्टर आल्यासारखं वाटलं. दोघे तर उठलेच.

हे सगळं चालत होतं तोवर देशात दुसरंच चाललं होतं. बाजार खुला झाला होता. आमच्या गच्च्यांवरून केबलच्या तारा गेल्या आणि घराघरात रंगीत टीव्ही आला. "घराघरात जपानी टीव्ही," भाऊजी हताश होऊन म्हणत, "आणि जपानी नाटक एकाही घरात नाही." शहराबाहेरच्या एका कारखान्यात भागीदारीसाठी एक खराखुरा जपानी इंजिनियर आला, तेव्हा भाऊजींनी ओळखीपाळखीने त्याला घरी जेवायला आणलं. तो बिचारा फार सभ्य होता. वरणभात खाल्ला, पुरणपोळी खाल्ली, आणि नोहचा विषय निघताच ओशाळून म्हणाला की शाळेत असताना एकदा नेलं होतं, पण त्याला झोप लागली. मग काय, भाऊजींनी डाव, लिंबू आणि पापड मांडून त्याला जपानी रंगभूमी पहिल्यापासून समजावली. जाताना तो कमरेत वाकवाकून आभार मानत होता. कुमुद दारात मला म्हणाली, "बिचारा घरी कळवेल, की हैदराबादेत जपान शिकलो."

आता कुमुदबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. भाऊजींना नाटकाचं वेड होतं, पण अंगात नाटक होतं ते कुमुदच्या. मंडळाच्या गणेशोत्सवातलं नाटक म्हणजे कुमुद, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. नायिका झाली, वहिनी झाली, मग सासू झाली. ती नुसती दारातून आत आली तरी लोक हसायला तयार होऊन बसत. अशा कुमुदला एका वर्षी मेंदूचा एक छोटा झटका आला. हातपाय सावरले, बोलणंही परत आलं, उजव्या कानाला तेवढं कमी ऐकू येऊ लागलं. पण शब्द ऐन वेळी दडी मारून बसत. साबुदाण्याला ती "ते पांढरं, उपासाचं" म्हणायची. मला एकदा "तुम्ही, मोठ्या" अशी हाक मारली आणि आम्ही दोघी खूप हसलो. स्वयंपाकघरात हसणं सोपं असतं.

नाटकाची वेळ जवळ आली. मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. चहा घेतला, दुसरा चहा घेतला, तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट सांगायचं आहे. "तसं आता नाटकाला लोकही येत नाहीत," ते म्हणाले. "सगळे घरी मालिका बघतात. या वर्षीच्या नाटकातलं आत्याबाईंचं काम दुसऱ्या कोणाला द्यावं... कुमुदताईंना विश्रांती..."

कुमुद कपबशा उचलून आत गेली. मी मागोमाग गेले, तर ओट्याशी उभी राहून ती म्हणाली, "वहिनी, वाक्यं येतात हो मला. पाठ आहेत. मधेच एखादं पळतं, त्याचं शेपूट कोणी दाखवलं की मी धरते. पण विंगेतून सांगितलेलं ऐकू येत नाही." मग जरा थांबून, "आणि आपलं पब्लिक तुम्हाला ठाऊक आहे. लोकांना हसवायला मी उभी राहते. पण ते मला हसले ना, तर पुन्हा उभी राहायची नाही मी."

आमचं पब्लिक मला ठाऊक होतं. सगळे एकमेकांचे नातेवाईक, त्यामुळे कोणाला कोणाची भीड नाही. पहिल्या रांगेत अंबरपेठचे एक वकील बसत. एकदा एका नटाच्या मिशीची एक बाजू सुटली, तर "हाफ तिकीट!" म्हणून ते ओरडले, आणि त्या गृहस्थांना त्यानंतर सगळं हैदराबाद हाफ तिकीट म्हणू लागलं.

आम्ही बाहेर आलो तर भाऊजी उभे होते. मान फिरलेली, डोळा तिरका. महत्त्वाचा क्षण होता.

"कुरोगो," ते म्हणाले.

"आता हे काय खायचं असतं?" सेक्रेटरींनी मला हळूच विचारलं.

ते खायचं नसतं. काबुकीत काळे कपडे घातलेली, तोंडावर काळं कापड सोडलेली माणसं रंगमंचावर सरळ येजा करतात. नटाला तलवार देतात, बसायला तिवई देतात, वाक्य अडलं तर मागे बसून सांगतात. लोकांना ती दिसतात, पण काळा रंग म्हणजे इथे कोणी नाही, असा प्रेक्षकांचा आणि नाटकाचा करार असतो. भाऊजी कुमुदच्या मागे, डाव्या कानाशी, काळे होऊन बसणार होते.

"अहो, पण लोकांना दिसाल की तुम्ही," सेक्रेटरी म्हणाले.

"दिसेन. पण ते बघणार नाहीत."

"का नाही बघणार?"

"मी सांगणार आहे ना त्यांना."

सेक्रेटरींनी कुमुदकडे पाहिलं. तिने आतून चकल्यांचा डबा भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांच्याच्याने नाही म्हणवलं नाही.

मग कपड्यांचा प्रश्न आला. पुस्तकात लिहिलं होतं की बर्फाच्या प्रवेशात ही माणसं पांढरे कपडे घालतात आणि समुद्राच्या प्रवेशात निळे. आमच्या नाटकात गुलाबी भिंतींचा दिवाणखाना होता. भाऊजी दोन दिवस विचारात पडले की शास्त्राप्रमाणे गुलाबी शिवावेत का. कुमुदने निक्षून सांगितलं, "गुलाबी नवरा मागे घेऊन मी स्टेजवर जायची नाही." म्हणून काळे ठरले. कोपऱ्यावरच्या शिंपीमियाँकडे मीही बरोबर गेले होते. त्यांनी कापड पाहिलं आणि म्हणाले, "बेगमसाब का नाप लाए क्या?" भाऊजी म्हणाले, माझंच माप घ्या, नाटकात घालायचं आहे, मी कोणाला दिसता कामा नये. शिंपीमियाँनी टेप गळ्यात टाकली आणि भाऊजींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "अजी साब, इत्ता लंबा आदमी, काला पैन के लाइटां में बैठा तो सबसे पैले उसीच कू देखते लोगां!"

मला ते अगदी पटलं.

नाटकाच्या दिवशी सभागृह अर्धं भरलं होतं. पडदा उघडण्यापूर्वी भाऊजींनी जपानी रंगभूमीचा परिचय करून दिला. थोडक्यात सांगा असं सेक्रेटरींनी बजावलं होतं, आणि सहाशे वर्षांच्या मानाने ते थोडक्यातच होतं. नदीचं कोरडं पात्र आलं, बापलेक आले, बाहुलीचे पाय आले. मागच्या रांगेत कोणीतरी मोठ्याने जांभई दिली. शेवटी भाऊजींनी चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि रेल्वेची सूचना द्यावी तशा सुरात म्हणाले, "आता मी आत जाऊन कपडे बदलून येतो. त्यानंतर मी नसेन. कृपया सहकार्य करावं."

पडदा उघडला. गुलाबी दिवाणखाना, सोफा, आणि सोफ्याच्या मागे तिवईवर सहा फुटी काळोख. लहान मुलांनी बोटं दाखवली. वकीलसाहेब शेजाऱ्याच्या कानाशी वाकले. पण कुमुद दारातून आत आली, हातात ट्रंक, डोक्यावरून पदर, आणि नेहमीसारखे लोक हसायला तयार झाले. पहिला अंक सुरळीत गेला. दोनतीनदा काळं कापड जरासं हललं आणि कुमुद पुढे बोलत गेली.

दुसऱ्या अंकात भाच्याचं काम करणारा, पुण्याहून नुकताच आलेला संगणकवाला तरुण, भीतभीत विचारतो, "आत्या, परत कधी निघणार?" यावर आत्याबाईंचं जे वाक्य आहे तिथे सगळं नाटक उभं आहे. कुमुदने तोंड उघडलं, आणि वाक्य पळालं. काळं कापड हललं. ती तशीच. पुन्हा हललं. वर पंखा खडखडत होता. कुमुदने मान वळवली आणि जिथे कोणी नव्हतं तिकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, जरा मोठ्याने सांगा. पंख्यात ऐकू येत नाही."

मुलांनो, मी तुम्हाला खरं सांगते, तेवढ्या वेळात मला पंख्याची पाती वेगवेगळी दिसली. वकीलसाहेबांचं तोंड उघडलेलं मी माझ्या जागेवरून पाहिलं. भाऊजी तिवईवर ताठ झाले आणि आयुष्यात पहिल्यांदाच रंगमंचावरून नाटकातलं वाक्य बोलले. सपाट, नकाशावरची मापं वाचावीत तसं: "परत? अरे, माझी ट्रंक बघ. कैरीचं लोणचं घालून आणलंय. ते मुरायच्या आत कोणी जातं का रे?"

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कोणी हसलं नाही. कोणी खाकरलंही नाही. वकीलसाहेबांनी तोंड मिटलं आणि छताकडे बघू लागले. ज्यांनी बोटं दाखवली होती त्या मुलांचे हात त्यांच्या आयांनी धरून ठेवले. अर्धं सभागृह भरून माणसं, आणि त्यांतल्या एकालाही काही ऐकू आलेलं नव्हतं.

मग कुमुद भाच्याकडे वळली. पदर खोचला. ट्रंकेवर एक पाय ठेवला. "परत?" ती म्हणाली, आणि त्या एका शब्दालाच हशा सुरू झाला. "अरे, माझी ट्रंक बघ!" आणि लोणचं मुरेपर्यंत तर सभागृह असं कोसळलं की संगणकवाला आपलं वाक्य विसरला. तेच वाक्य, तेच शब्द, सगळ्यांनी आत्ताच ऐकलेले, आणि जणू जन्मात पहिल्यांदा कानावर पडत असल्यासारखे लोक डोळे पुसत होते. सगळ्यांत मोठ्याने वकीलसाहेब.

पडदा पडल्यावर सगळे नट ओळीने उभे राहिले. टाळ्या थांबेनात. भाऊजी मागे तिवईशी उभे होते, तोंडावर कापड तसंच. सेक्रेटरी त्यांना पुढे ओढायला गेले तर ते हलले नाहीत. नसलेला माणूस पुढे कसा येणार? घरी आल्यावर मात्र ते कुमुदला म्हणाले, "तू माझ्याशी बोलायला नको होतंस. शास्त्रात बसत नाही."

"शास्त्रात पंखा होता का?" कुमुद म्हणाली.

पुढच्या वर्षी सभागृहात मोठ्या पडद्यावर क्रिकेट दाखवलं, आणि मंडळाचं नाटक बंद पडलं ते पडलंच. कुमुदचे शब्दही हळूहळू जास्त पळू लागले. पण ती घरात बसली नाही. हैदराबादेत मराठी माणसांची लग्नं, मुंजी, बारशी कमी नसतात, आणि ती सगळीकडे जाई, ठेवणीतली साडी नेसून, हसतमुख. भाऊजी तिच्या मागे अर्धं पाऊल, डाव्या बाजूला. समोरून कोणी आलं की त्यांचे ओठ किंचित हलत. "सिकंदराबादचे बापूराव. मुलगी अमेरिकेला." आणि कुमुद दोन्ही हात पुढे करी, "बापूराव! लेक काय म्हणते अमेरिकेत?" त्या क्षणापुरती समोरची माणसं कुठे ना कुठे बघत. कोणी घड्याळाला किल्ली दिल्यासारखं करी, कोणी मांडवाची झालर बघे. कोणी त्यांना शिकवलं नव्हतं. बापूराव तर म्हणायचे, "कुमुदताईंची स्मरणशक्ती म्हणजे कमाल आहे," आणि भाऊजी ते ऐकून मान डोलवायचे.

भाऊजी कुमुदच्या आधी गेले. त्यानंतर पहिल्यांदाच मी तिला एका लग्नाला घेऊन गेले तेव्हा ती नको नको म्हणत होती. मांडवात शिरलो आणि समोरून एक बाई लगबगीने आली. कुमुदच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं, आणि मग तिने डावा कान जरासा मागे केला आणि थांबली. मागे कोणी नव्हतं. मी शेजारी उभी होते. मी अर्धं पाऊल मागे सरले आणि ओठ न हलवता म्हणाले, "अंबरपेठची नलू. सून बाळंत झाली."

समोर नलू आपल्या पदराचे काठ निरखत उभी होती.